दुकानातल्या जुन्या पीसीवर कोणता लिनक्स? आधी प्रिंटर बघा, डिस्ट्रो मागून

वसमतच्या एका भावानं विचारलंय. प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स अन् मराठी टायपिंगचं दुकान आहे. चार पीसी आहेत, त्यातले दोन थर्ड जनरेशन आय-थ्री, चार-चार जीबी रॅम अन् जुनी हार्ड डिस्क, एक कोअर टू ड्युओ दोन जीबीवाला, अन् एक टेन्थ जनरेशन आठ जीबीवाला. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० अन् एपसनचा इंक टँक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनवर ११ बसत नाही, मग लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टम) टाकायचं ठरवलंय पण एक मित्र म्हणतो उबंटू, दुसरा म्हणतो मिंट, अन् पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो मामा टाकायचं तर आर्चच टाका. तर नेमका कोणता टाकू?

दादा, तुमचा प्रश्न डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या कोणत्या प्रकाराचा, नाहीच. तुमचा प्रश्न असा आहे की जुलैच्या शेवटाला पीक विम्याची गर्दी दुकानात उभी असताना कोणतं काम अडलं तर गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जाईल. ते काम लिनक्सवर नीट होतंय का ते आधी बघायचं, मग बाकीचं. मी परभणीत बरीच वर्षं हेच करतो, दुकानं, पतसंस्था, टायपिंगवाले, वकिलांची ऑफिसं यांचे पीसी बघणं, अन् माझ्याकडं जी लिनक्स बसवलेली मशीनं परत विंडोजला गेली ती डिस्ट्रो चुकला म्हणून नाही गेली, प्रिंटर नाहीतर अंगठ्याच्या मशीनमुळं गेली.

आधी विंडोजचं खरं काय ते सांगतो कारण घाबरवणारे लई झालेत. सपोर्ट संपला म्हणजे पीसी बंद पडत नसतो, फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापराच्या मशीनला एक वर्ष वाढवून दिलंय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्याला नोंदणी करावी लागते, आपोआप नाही मिळत. ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् साधारण एट्थ जनरेशनच्या पुढचा इंटेल लागतो म्हणून तुमचे तिन्ही जुने बाद. पेनड्राइव्हवर युक्ती करून ११ जुन्या मशीनवरही घुसवता येतं, पोरं करायलेत सर्रास, पण कंपनीच सांगते की अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी नाही, अन् हार्ड डिस्कवर अन् चार जीबीत ते इतकं कुथतं की गिऱ्हाईकच म्हणतं राहू द्या, उद्या येतो. आणि एक, तुमचं विंडोज लायसन्सशिवाय अ‍ॅक्टिव्हेटर मारून चालू केलेलं असंल (मी विचारत नाही, पण आपल्याकडं काय चालतं ते सगळ्यांना माहिती) तर ज्या मशीनवर लोकांचे आधार अन् बँक पासबुक स्कॅन होतात तिथं तो अ‍ॅक्टिव्हेटर हाच सगळ्यात मोठा धोका आहे, सपोर्ट संपणं त्याच्यापुढं काहीच नाही.

आता काम वाटून घेऊ.

अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं डोंगल अन् हिशेबाचं टॅली. ही तीन कामं मी विंडोजवरच ठेवतो, वाद घालत नाही. टॅली विंडोजसाठीच बनतं. अंगठ्याच्या मशीनचं आरडी सर्व्हिस (त्याला पोर्टलशी जोडणारं सॉफ्टवेअर) अन् डिजिटल सहीची युटिलिटी, यात मशीन, कंपनी अन् पोर्टल तिघांचं एकमेकांशी जमावं लागतं, अन् पोर्टलवाल्यांनी एक दिवस व्हर्जन बदललं की पहिला फटका लिनक्सवाल्याला बसतो. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईननं चालतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत विंडोज चालवून) यूएसबी आत ढकलता येतो, हे सगळं खरंय, मीही केलंय, पण रोज दुकान उघडून जो माणूस बसतो त्याच्या भरवशावर सोडण्यासारखं ते नाही. तुमचा टेन्थ जनरेशनवाला पीसी यासाठी ठेवा, त्यावर सरळ विंडोज ११ घ्या, लायसन्स नसंल तर विकत घ्या. एक मशीन विंडोज राहिलं म्हणून कुणी तुमच्या घरावर मोर्चा आणत नाही.

फॉर्म भरणं, सातबारा काढणं, परीक्षेचे अर्ज, रिझल्ट. हे सगळं ब्राउझरचं काम, फायरफॉक्स नाहीतर क्रोम जिथं चालतं तिथं होतं. ज्या पोर्टलला सही नाहीतर अंगठा लागतो तेवढं विंडोजच्या मशीनवर. तुमच्या दुकानात फॉर्मचं काम जास्त असंल तर लिनक्स तुम्हाला सोपं जाईल, टायपिंग अन् लग्नपत्रिका जास्त असतील तर थोडं अवघड, हे तुमच्या गल्ल्यावर अवलंबून आहे अन् ते तुम्हालाच ठाऊक.

आता प्रिंटर, खरी मेख इथं आहे. एपसनच्या इंक टँकचं टेन्शन घेऊ नका, लिनक्सचे ड्रायव्हर आहेत अन् बहुतेक मॉडेल जोडल्याबरोबर ओळखले जातात. एचपीच्या जुन्या लेझरला एचपीलिप नावाचं पॅकेज लागतं अन् काही मॉडेलला वरून कंपनीचा प्लगइन, तो एकदा नेट चालू असताना उतरवून घ्यायचा, झालं. पण कॅनन २९००! आपल्या भागात प्रत्येक दुसऱ्या टेबलावर हाच प्रिंटर, मरता मरत नाही, टोनर स्वस्तात भरून मिळतं, अन् लिनक्सवर हाच सगळ्यात जास्त रडवतो. त्याची कॅप्ट नावाची स्वतःची भाषा आहे, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, त्याला ३२ बिटच्या लायब्रऱ्या लागतात, आज बसवला तर चालतो अन् उद्या सकाळी पीसी चालू केला की प्रिंटर गप्प. लोकांनी बनवलेला एक मुक्त ड्रायव्हरही आहे, काहींचं त्यावर भागतं. पण दुकानासाठी मी दोन्हीवर विसंबत नाही.

मग लगेच कुणीतरी म्हणतं विंडोजच्या मशीनला जोडा अन् शेअर करा. नुसतं शेअर करून भागत नसतं, लिनक्सच्या बाजूलाही त्या प्रिंटरची भाषा येणारा ड्रायव्हर लागतोच. म्हणून मी असं करतो: कॅनन विंडोज ११ वाल्या मशीनलाच राहू द्यायचा, त्या मशीनवर एक फोल्डर शेअर करायचा, लिनक्सवाल्या मशीनवरून पीडीएफ त्यात टाकायची अन् प्रिंट तिथून मारायची. तसंही तुमच्याकडं प्रिंट काढणारा अन् पैसे घेणारा माणूस एकाच काउंटरवर बसत असणार, त्याला काहीच फरक पडत नाही. रंगीत अन् फोटो एपसनवर, तो लिनक्सच्या मशीनला जोडा. फक्त पीव्हीसी कार्ड छापत असाल तर कार्डाच्या ट्रेची अन् रंगाची सेटिंग ज्या सॉफ्टवेअरवर बसलेली आहे तिथून हलवू नका, एपसन असला तरी.

मराठी टायपिंगवर जरा थांबून बोलतो कारण यावर ऑनलाइन जे वाचायला मिळतं ते बहुतेक मराठी न टाइपणाऱ्यांनी लिहिलेलं असतं.

युनिकोड इन्स्क्रिप्टवाला (सरकारी मराठी कीबोर्डवर टाइपणारा) माणूस असंल तर लिनक्सवर त्याला शून्य त्रास. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडायचा, बस. ळ शिफ्ट एन वर, ऱ शिफ्ट जे वर, म्हणजे ‘शेतकऱ्याचा’ लिहिताना शिफ्ट जे, मग डी म्हणजे हलंत, मग य. विंडोजवर जे तेच इथं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याला आयबस अन् एम१७एन ही दोन पॅकेजं टाकून द्या, पण गुगलसारखे शब्द सुचवून मिळत नाहीत, नियम पाठ करावे लागतात, तर अशांना मी क्रोममधलं गुगल इनपुटचं एक्स्टेंशनच देतो, तिथं लिहून कॉपी करतात. रेमिंग्टनवाल्यांची, म्हणजे टाईपरायटरच्या चाव्यांवर टाइपणाऱ्यांची, गोष्ट वेगळी. हिंदी रेमिंग्टन मिळतो, पण मराठी टाईपरायटरवर शिकलेल्या बोटांना काही चाव्या वेगळ्या लागतात अन् जुना टायपिस्ट अडखळला की पहिली शिवी लिनक्सला देतो.

आणि कृतिदेव फॉन्ट. हे ऐकून लोकांना नवल वाटतं पण कृतिदेव लिनक्सवर चालतो, कारण ते खरं मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा घातलाय. फॉन्ट फाइल टाका, लिब्रे ऑफिसात (वर्डच्या जागी वापरायचं) कीबोर्ड इंग्रजीच ठेवा, फॉन्ट कृतिदेव निवडा अन् नेहमीसारखं बडवा. दोन गोष्टी मात्र करा. एक, ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा, नाहीतर ते वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं अन् तुमच्या मराठीत भलतंच अक्षर उमटतं, अन् सरळ अवतरण चिन्हं गोल केली की आणखी वाट. दोन, आल्ट दाबून नंबर मारायची सवय इथं चालत नाही, ती जोडाक्षरं कॅरेक्टर मॅपमधून उचलावी लागतात, मी टायपिस्टला एका फाइलीत ती सगळी लिहून देतो, तिथून कॉपी. श्रीलिपी अन् आयएसएमचं तसं नाही, जुनी फाइल फॉन्ट असंल तर दिसंल, पण नवीन टायपिंगला त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं अन् ते विंडोजचं. ज्यांचं सगळं काम श्रीलिपी अन् पेजमेकरवर आहे त्यांना मी लिनक्सला जा म्हणतच नाही. पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन ७.० आलं २००१ मध्ये अन् अजून नांदेड-परभणीत लग्नपत्रिका त्यातच निघायल्यात, त्याला आता कोण हलवणार. नवीन पोरगं शिकत असंल तर स्क्रायबस १.६ अन् इंकस्केप या पानं-चित्रं जुळवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर युनिकोड मराठी नीट जुळतं, मुक्ता किंवा नोटोसारखे मोकळे फॉन्ट वापरून पत्रिका काढून बघा, वाईट दिसत नाही.

गिऱ्हाईक वर्डची फाइल घेऊन आलं तर काय? इंग्रजी फाइल बऱ्यापैकी जुळते, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो अन् टाइम्सच्या मापाचा लिबरेशन फॉन्ट असतो. मराठीत अडतं ते कोकिळा फॉन्टवर. कोकिळाचं अक्षर मुळात बारीक, त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसला की मजकूर फुगतो अन् एका पानाचं प्रतिज्ञापत्र दीड पानाचं होतं. स्टॅम्प पेपरवर प्रिंट मारायच्या आधी हे बघत जा, तिथं पान वाया गेलं की पैसे तुमच्या खिशातून. शक्यतो गिऱ्हाइकाला पीडीएफच आणायला सांगा.

आता तुमचे मित्र अन् भाचा. हे वाद मी वीस-वीस कमेंट वाचलेत अन् त्यातले बहुतेक तुमच्या दुकानाच्या दारापर्यंत येतच नाहीत. सिस्टमडी या लिनक्स चालू करणाऱ्या भागावरून २०१४ मध्ये डेबियन नावाच्या डिस्ट्रोत एवढं रणकंदन झालं की वेगळं होऊन देवुआन निघालं. तुमच्या सातबाऱ्याला काय फरक पडला? काहीच नाही. पण तीन ठिकाणी हे वाद खरंच तुमच्याशी येऊन भिडतात.

पहिलं, नेट. दुकानात फायबर असंल तर हा परिच्छेद सोडून द्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीत दुकान चालत असंल तर स्नॅप विरुद्ध डेब (सॉफ्टवेअरच्या पॅकेजचे दोन प्रकार) हे भांडण तुमचंच आहे. उबंटूत २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो, स्नॅप मागच्या मागं स्वतःच अपडेट होतात, अन् हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडताना वेळ खातात. अडवता येतं, पण ते माहिती पाहिजे. मिंटनं २०२० मध्येच स्नॅप दारात अडवलं, तिथं फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये मिळतो अन् अपडेट कधी घ्यायचे ते तुम्ही ठरवता. फ्लॅटपॅक नावाचा तिसरा प्रकारही लहान नसतो बरं का, एक छोटं अ‍ॅप घ्यायला गेलं की सोबत शेकडो एमबीचं सामान उतरतं, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तेच अ‍ॅप दोन्ही प्रकारात दिसलं तर सिस्टम पॅकेजवालं घ्या.

दुसरं, वेलँड की एक्स११, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा की जुनी. लोक यावर चित्र किती गुळगुळीत हलतं ते बोलतात. तुमच्यासाठी मुद्दा वेगळा, बिघडलं की भाचा पुण्यातून एनीडेस्कनं आत येणार, अन् वेलँडवर बाहेरून स्क्रीन चालवताना त्या सॉफ्टवेअरची बोंब होते. उबंटू आपोआप वेलँडवर चालू होतं, २४.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी झॉर्ग (म्हणजे एक्स११) निवडता येतो, २५.१० पासून त्यांच्या मुख्य डेस्कटॉपमधून तो पर्यायच काढलाय. मिंट अजून सरळ एक्स११ वर चालू होतं. वेलँड वाईट नाही, उद्या सगळीकडं तेच असणार, पण मदतीला येणारा माणूस लांब असंल तर आज मला जुनंच बरं वाटतं.

तिसरं, नवं व्हर्जन किती लवकर. आर्च शिकायला झकास आहे, भाच्याला त्याच्या लॅपटॉपवर खुशाल वापरू द्या, त्याच्यासारख्या पोरांमुळंच तर आपल्याला मोफत माहिती मिळते. पण ते रोज बदलत राहतं, अन् बदलताना कधीतरी हातानं दुरुस्ती मागतं, ती ३१ जुलैलाच मागितली तर? दुकानाला काही वर्षं न हलणारं पाहिजे. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तेही मला आवडतं, माझ्या स्वतःच्या टेबलावर तेच आहे, फक्त बसवताना थोडी जास्त अक्कल लागते.

‘लिनक्सवर काय सरकारी कामं होत नसतात’ असंही तुमच्या मित्रानं म्हटलंय. त्याला म्हणावं तालुका कोर्टात चक्कर मार. सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीनं खालच्या कोर्टांसाठी उबंटूच धरलंय, केस नंबर टाकून तारीख सांगणारी यंत्रणा त्यावरच चालते. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं पोरं लिनक्सवरच शिकायलीत. पण तिथं एक गोष्ट आहे जी तुमच्याकडं नाही, बिघडलं तर बघणारी ठरलेली माणसं आहेत. म्हणून माझा शेवटचा निकष हाच असतो: वसमतमध्ये नाहीतर जवळ हिंगोली-नांदेडला, जो माणूस फोन उचलंल त्याला कोणता लिनक्स येतो? त्याला उबंटू येत असंल तर उबंटूच टाका, माझं मिंटचं पुराण विसरून जा. कुणीच नसंल तर मिंट, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं, कारण अडलं तर उबंटूसाठी लिहिलेले बहुतेक उपाय त्यावरही लागू पडतात.

प्रत्यक्ष करायचं कसं ते सांगतो. दोन्ही आय-थ्रीमध्ये आधी एसएसडी घाला, हे लिनक्सपेक्षाही आधी. वेग जो वाढल्यासारखा वाटतो त्यातला मोठा वाटा एसएसडीचा असतो अन् श्रेय लिनक्सला जातं, खरं बोलायला पाहिजे. जुन्या बाजारात डीडीआर-३ रॅम मिळाली तर आठ जीबी करा, क्रोमच्या दहा टॅबला चार जीबी पुरत नाहीत, मग सिस्टम कोणतीही असो. काढलेली हार्ड डिस्क पुसू नका, विंडोजसकट बाजूला ठेवा, नाहीच जमलं तर परत लावली की दुकान चालू. यामुळं ड्युअल बूटची भानगडही वाचते, नाहीतर एकाच मशीनवर दोन्ही ठेवलं की घड्याळ साडेपाच तास मागंपुढं होतं, अन् विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर लिनक्समधून तो ड्राइव्ह उघडतो पण त्यात काही लिहिता येत नाही.

आधी एकच आय-थ्री बदला. बसवायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा अन् त्यातच एपसन जोडून प्रिंट मारा, स्कॅन करा, मोबाईल यूएसबीनं जोडून नेट येतंय का बघा. बसवल्यावर टाइमशिफ्ट चालू करा म्हणजे अपडेटनं काही बिघडलं तर मागं जाता येतं, पण ते सिस्टमसाठी आहे, गिऱ्हाइकांच्या फाइलींचा बॅकअप वेगळा घ्या. लोडशेडिंगचं तुम्हाला मी काय सांगू, यूपीएसची बॅटरी मेली असंल तर लिनक्स आहे म्हणून फाइली वाचतील असं समजू नका, फाइल सिस्टम सावरतं पण न सेव्ह केलेलं प्रतिज्ञापत्र गेलंच. महिनाभर त्या मशीनवर बसणाऱ्या पोराला विचारा, तो कंटाळला नसंल तर दुसरं बदला, मधी पीक विम्याचे नाहीतर अ‍ॅडमिशनचे दिवस येत असतील तर थांबा.

कोअर टू ड्युओला हात लावू नका. दोन जीबीत लिनक्स चालू होईल, ब्राउझर उघडला की मान टाकंल, अन् डीडीआर-२ रॅमवर आता पैसे घालण्यात अर्थ नाही. त्याचा मॉनिटर अन् कीबोर्ड काढून घ्या.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी राहिल्यात. एपसनचा नेमका मॉडेल नंबर, अन् टायपिंग करणारा माणूस इन्स्क्रिप्टवाला आहे की रेमिंग्टनवाला. तेवढं कळवा, मग कोणती पॅकेजं टाकायची ते ओळीनं लिहून देतो.